न आलेल्यांचे नारळ

कसबे पुणे
भाद्रपद वद्य प्रतिपदा, शके १६९०

चिरंजीव माधव यास अनंताचे आशीर्वाद.

सहा वर्षांनी थोरल्या भावाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. घरी सर्व सुखरूप आहे. कामापुरतं लिहितो.

पावसाळा सरता सरता यंदा कसब्यात ताप फार आहे. तांबट आळीत घरटी एक माणूस अंथरुणावर आहे, कुंभारवाड्यातही तेच. उजाडल्यापासून आपल्या दारात माणसं बसलेली असतात आणि त्यांना बाबांच्या लाल मात्रेखेरीज दुसरं काही नको असतं. ओसरीतली दोरी तुला आठवत असेलच. बरा झालेला माणूस नारळ आणून तिला बांधतो आणि आश्विनात धन्वंतरीच्या त्रयोदशीला आपण ते सगळे फोडून खिरापत वाटतो, हा बाबांचा शिरस्ता मी मोडलेला नाही. दोरी यंदाही भरत आली आहे. येणारा आधी नारळांकडे बघतो, मग माझ्याकडे. औषध पोटात जाण्याआधीच निम्मा बरा होतो.

अडचण एवढीच की मात्रेला लाली देणारा हिंगूळ संपत आला आहे. सुरतेहून माल आणणारा व्यापारी वाटेत कुठे अडकला म्हणतात. बाबांच्या मागे वाटणी झाली तेव्हा निम्मा हिंगूळ तुझ्याकडे गेला. वाईत तू मात्रा देत नाहीस असं ऐकतो, तेव्हा तो पडूनच असेल. पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवून द्यावा.

झालं गेलं मी मनात ठेवलेलं नाही. सरुबाई कुंभारणीच्या मुलाच्या बाबतीत तुझ्या हातून जे घडलं, ते तरुणपणी कुणाच्याही हातून घडतं. जमालगोटा दुधात उकळून शुद्ध करायचा राहिला, तशीच मात्रा कुटली गेली, मुलगा दगावला. तेव्हाच कबूल केलं असतंस तर गाव सोडायची पाळी आली नसती. असो. थोरल्यानं माफ करायचं असतं, ते मी केलं आहे.

तुझा,
अनंत


भाद्रपद वद्य द्वादशी

माधव,

तुझं उत्तर पोचलं. ओळी दोन. 'हिंगूळ सहा वर्षांपूर्वीच कृष्णेत सोडला. मात्रेवाचून किती बरे होतात ते पाहावे.' ना नमस्कार, ना वहिनीची चौकशी. वाईत शाईची टंचाई आहे की काय?

वाचून अंगाचा तिळपापड झाला. बाबांचं औषध नदीत सोडायला ती काय राख होती? मी लागलीच चार पानं उत्तर लिहिलं. ते पाठवलं नाही. तुझ्या वहिनीनं विचारलं, "एवढं काय लिहिताय?" मी म्हटलं, "खरं ते लिहितोय." ती म्हणाली, "मग चार पानं कशाला लागतात?"

म्हणून हे थोडक्यात. मागच्या पत्रात हिंगूळ संपत आला आहे असं लिहिलं होतं. तो संपत आलेला नव्हता. संपून पंधरवडा झाला होता.

दारात आलेल्या माणसांना परत कसं पाठवायचं? दोरीवर नारळ लटकताहेत, समोर अनंत वैद्य बसला आहे आणि तो म्हणतो औषध नाही, हे कसं दिसलं असतं? मी सुंठ कुटली, खडीसाखर घातली आणि रंग यावा म्हणून त्यात चिमूटभर गेरू मिसळला. पुड्या तशाच, दोरा तसाच. जेवण बंद, नुसती पेज आणि उकळलेलं पाणी घ्या, असं सांगितलं, कारण सुंठेबरोबर सांगण्यासारखं दुसरं काय होतं?

कुणाला कळलेलं नाही. तू कुणाला बोलणार नाहीस हे मी धरून चाललो आहे. परवा बाबांचं श्राद्ध केलं.


आश्विन शुद्ध एकादशी

माधव,

काल दसरा झाला. सोनं द्यायला माणसं आली आणि जाताना दोरीवर नारळ बांधून गेली. ती गेल्यावर मी बसून हिशेब केला. आजवर साठ जणांना गेरूची पुडी दिली. एक्केचाळीस नारळ आले.

सहा वर्षांपूर्वीची त्रयोदशी तुलाही आठवत असेल. आळी जमली होती आणि मी दोरीकडे हात करून म्हटलं होतं, "त्र्याऐंशी." तू मागून म्हणालास, "दादा, पुड्या एकशे चाळीस गेल्या. हे आलेल्यांचे नारळ झाले. न आलेल्या सत्तावन्नांचं काय?" मी म्हटलं, "पुण्याची माणसं आहेत. बरं वाटलं की वैद्याला ओळख देत नाहीत." सगळे हसले. आपल्या बोलण्यावर मी इतका खूश झालो की तुझा प्रश्न तसाच राहिला.

आता बघ. खऱ्या मात्रेचे एकशे चाळिसांत त्र्याऐंशी. गेरूचे साठात एक्केचाळीस. गेरू सरस ठरला.

हे कळल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? माझ्या हाताला गुण आहे असं मनाशी म्हटलं. मग वाटलं, बाबांची पुण्याई. मग वाटलं, यंदाचा ताप सौम्य असेल. तीन कारणं सापडायला मला अर्धी घटका लागली नाही, आणि त्या तिन्हींत माझं काहीच चुकलेलं नव्हतं. वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गेरूचाही गुण असेल हो. आपल्या तुळशीवृंदावनाला कधी ताप आलाय का?"

मी हसलो नाही. रात्री जेवणही गेलं नाही.


आश्विन वद्य सप्तमी

माधव,

हे पत्र लांब होईल. चार वेळा सुरू केलं आहे.

वहिनीनं तुझी सहा वर्षांपूर्वीची यादी काढून दिली. ती न्हाणीच्या चुलीत टाक म्हणून मी सांगितलं होतं. तिनं हिंगाच्या डब्याखाली ठेवली होती. तुझं ते बारीक, नेटकं अक्षर. एकशे चाळीस नावं, नारळ आणणाऱ्यांपुढे टिंब. सत्तावन्न नावांपुढे काही नाही. त्या सत्तावन्न घरी जाऊन विचारायचं मी ठरवलं.

पहिल्या दिवशी बारा घरं केली. अकरा माणसं जिवंत, हिंडती-फिरती. नारळ आणायचा कंटाळा केला एवढंच. मी तरंगतच घरी आलो. वहिनीनं यादी पाहिली आणि विचारलं, "तांबट आळीच्या अलीकडच्या टोकाला गेलात, पलीकडच्या का नाही?" पलीकडच्या टोकाच्या दारांवरून सहा वर्षांत कितीदा तरी मी मान खाली घालून गेलो आहे. तिथे काय झालं ते मला विचारायची गरजच नव्हती, आणि नेमकी ती दारं सोडून पाय वळले होते. मी ठरवून सोडली असंही नाही. ठरवावंसुद्धा लागलं नाही, याचीच जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी कागदीपुऱ्यात अल्लाबक्षकडे कागद घ्यायला गेलो आणि न राहवून त्याला सगळं सांगून बसलो. तो ओले कागद भिंतीला थापत होता. हात न थांबवता म्हणाला, "वैद्यबुवा, माझ्या कागदातली भोकं कोण बघतं ठाऊक आहे? माझी बायको जुबेदा बघते. मी उजेडात धरला तर मला कागद दिसतो, तिला भोक दिसतं. मी बनवलेला ना तो!"

मग त्यानं हात पुसले आणि यादी माझ्याकडून काढून घेतली. "नावं मी वाचणार, लागतील तशी. तुम्ही नुसतं चालायचं." प्रत्येक दारापाशी तो मला थांबवायचा आणि विचारायचा, "बोला, काय निघेल?" मी बोललो की मगच कडी वाजवायची. नंतर मला 'ते तर मला ठाऊकच होतं' असं म्हणता येऊ नये म्हणून.

चार दिवस आम्ही असे फिरलो. सत्तावन्नांपैकी चाळीस घरं सापडली, बाकीची गाव सोडून गेलेली. चाळिसांतली बावीस माणसं त्याच तापात, मात्रा घेतल्यावर, आठवड्याच्या आत गेली. पलीकडच्या टोकाच्या म्हाताऱ्या तांबटानं मला आत बोलावून पाट दिला. म्हणाला, "नारळ आणायचा राहिलाच, बुवा. बायकोला ओंकारेश्वराच्या मसणात पोचवून आलो आणि मग ध्यानातून गेलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी पाटावर बसू शकलो नाही.

यंदा नारळ न आणलेल्या एकोणीस घरीही जाऊन आलो. चार गेली, पंधरा बरी आहेत. साठात चार. तेव्हाचा ताप आणि आताचा ताप एकच आहे का, हे मला सांगता येत नाही. हे वाक्य खरं आहे म्हणून लिहिलं की त्यात सुटकेची वाट आहे म्हणून, तेही सांगता येत नाही.

त्रयोदशीनंतर तू यादीखाली वेगळं जोडलेलं नाव अल्लाबक्षनं शेवटी वाचलं, "भिवा, सरुबाई कुंभारणीचा." मी म्हटलं, "तिथे नको. तिथलं मला ठाऊक आहे." तो म्हणाला, "काय ठाऊक आहे?" तुला सांगतो.

ती मात्रा मी कुटली होती.

तू दोन दिवस चिंचवडला सासुरवाडीस होतास. जमालगोटा मी स्वतः तीन वेळा दुधात उकळला होता. काही राहिलं नव्हतं, काही चुकलं नव्हतं. बाबांनी शिकवली तशीच मात्रा होती आणि ती घेऊन अठरा वर्षांचा पोरगा रेच होऊन होऊन दिवसभरात संपला. त्याच्या घरून परतताना मी वाटेत विचार करत होतो. औषध चुकीचं असणार नाही, कारण ते बाबांचं. माझी चूक असणार नाही, कारण मी काळजी घेतली होती. मग उरलं कोण? खलबत्ता तूही वापरत होतास, आणि त्रयोदशीला चार माणसांत मला तोंडावर पाडून तुला पुरता महिनाही झाला नव्हता. कसब्याच्या गणपतीपाशी येईपर्यंत माझी खात्री पटली होती. निकाल आधी लागला, कारणं मागून आली.

तू म्हणालास, "मी गावातच नव्हतो." मी चार लोकांसमोर म्हटलं, "आदल्या दिवशी कुटून ठेवली असशील." वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी तर चिंचवडला होते." मी तिला म्हटलं, "तुला काय कळतं." थोरल्याचा शब्द राहिला, तू गेलास. आणि पुढे महिन्याभरात मला तू मात्रा कुटताना दिसायला लागलास. खांबाला टेकून बसलेला, खांद्यावर ओलं उपरणं. आजही दिसतोस. जे घडलंच नाही ते मला माझ्या लग्नापेक्षा लख्ख आठवतं.

आणि सव्वा महिन्यापूर्वी मी तुला माफी देऊन मोकळा झालो होतो. ते पत्र फाडून टाक, किंवा जपून ठेव. तुझी मर्जी.

त्रयोदशीला आळी जमेल. तिथे सगळं सांगणार आहे. नंतर शब्द फिरवता येऊ नये म्हणून तसं कागदावर लिहून अल्लाबक्षपाशी दिलं आहे.


आश्विन वद्य चतुर्दशी

माधव,

काल बोललो. निम्मं.

हिंगुळाचं सांगितलं, गेरूचं सांगितलं, बावीस आणि चार सांगितलं. काही जण हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग एक जण उठला, दोरीवरचा आपला नारळ सोडला आणि काखोटीला मारून चालता झाला. त्याच्यामागून आणखी सात-आठ. मला बरंच वाटलं. आता पुढचं सोपं जाईल असं वाटलं.

तेवढ्यात पायरीखालून सरुबाई म्हणाली, "मग माझा भिवा?"

मी म्हटलं, "औषधच वाईट होतं, बाई."

शब्दशः खरं बोललो. तुझं नाव घेतलंच नाही. दोष औषधाचा म्हटल्यावर तुझ्यावरचा आळ आपोआप उतरेल, असं मी त्या क्षणी स्वतःला समजावलं, आणि ते मला पटलंही. कसं पटतं बघ लगेच! लोक जाताना काय बोलत होते ते मी ऐकलं. औषध मुळातच जहाल, त्यात धाकट्यानं ते कच्चं कुटलं, पोर वाचणार कसं?

अल्लाबक्ष मागे थांबला होता. त्यानं माझा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "गर्दी होती." तो म्हणाला, "गर्दी असणार हे कागद लिहिला तेव्हाच ठाऊक होतं, बुवा."

आज नरकचतुर्दशी. अभ्यंग केलं, पण तुझ्या वहिनीनं ओवाळलं नाही. म्हणाली, उरलेलं निम्मं झालं की ओवाळीन. तू इथे असतास तर तुला तोंड दाखवू शकलो नसतो. पत्रात निदान तोंड दिसत नाही.


कार्तिक शुद्ध तृतीया

माधव,

काल भाऊबीज होती. सकाळीच कुंभारवाड्यात गेलो. अल्लाबक्ष बरोबर होता. सरुबाई अंगणात माती मळत होती आणि शेजारपाजारची दहा-बारा माणसं भट्टी लावत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. मात्रा मी कुटली, माधव गावात नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तरीही मी त्याचं नाव घेतलं.

भट्टी लावणारे थांबले. सरुबाईनं मातीतले हात काढले नाहीत. ती मला मारील असं मी अल्लाबक्षला आधी सांगून ठेवलं होतं. शिव्या देईल, निदान रडेल. यातलं काहीच झालं नाही. तिनं विचारलं, "त्याला पोरं किती हायेत?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही."

"थोरलं भाऊ ना तुम्ही?"

मी मान हलवली.

मग ती बोलली. तू गाव सोडलंस त्या दिवशी ती कुंभारवेशीपाशी उभी होती. तुझी गाडी पुढे गेल्यावर तिनं तुझ्या नावानं बोटं मोडली आणि म्हणाली, माझं घर रिकामं केलंस, तुझंही राहू दे. तेव्हापासून दर अमावास्येला ती एक कच्चं मडकं घेऊन मुठेवर जाते, तुझं नाव घेऊन पाण्यात सोडते आणि ते विरघळेपर्यंत काठावर बसून राहते. पाऊस असो, ताप असो, सहा वर्षांत एक अमावास्या चुकली नाही. "लक्ष्मीपूजनादिवशी बी सोडून आले," ती म्हणाली.

लक्ष्मीपूजन तीनच दिवसांपूर्वीचं. त्रयोदशीच्या दोन दिवसांनी. मी त्या दिवशी एक वाक्य पुरं बोललो असतो तर ते मडकं तरी सुटलं नसतं.

मी तिला समजावायला गेलो. म्हटलं, "बाई, शापानं कुणाचं काही होत नाही. मडकं पाण्यात विरतं, कारण ते कच्चं असतं. त्याचा माधवाच्या घराशी काय संबंध?" हे मी मनापासून म्हटलं, आणि गेल्या दोन महिन्यांत जे काही शिकलो त्याच्या जोरावर म्हटलं. तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मात्रेनं ताप जातो, असं बी तुमीच सांगत व्हता," ती म्हणाली.

खरं बोलायला शिकलो ते अशा वेळी, की माझ्या तोंडचं खरं कुणाच्या उपयोगाचं उरलं नाही.

ये असं मी लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क मला नाही. ओसरीतली दोरी मी काढली आहे, दारातली माणसं निम्म्यावर आली आहेत आणि जी येतात त्यांना मी पेज, सुंठ आणि उकळलेलं पाणी सांगतो, गेरू न घालता. तुझं नाव आता कसब्यात मोकळं आहे. ज्यांना अजून कळलं नसेल त्यांना मी गाठून सांगतो, आणि ते ऐकताना त्यांची तोंडं कशी होतात ते बघावं लागतं, ते बघतो.

पण सरुबाई काल संध्याकाळी पायरीशी येऊन उभी राहिली, आज पुन्हा आली. "पत्र आलं का?" एवढंच विचारते. वाईला माणूस जायला आणि यायला दिवस लागतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "उद्या येते."

माधव, तुला मुलं किती? मला लिहायचं नसलं तर लिहू नकोस, तिला लिही. मी वाचून दाखवीन. असतील तर त्यांची नावं लिही, वय लिही, कोण कसं बोलतं ते लिही. नसतील, किंवा होऊन गेली असतील, तर निदान तिच्यासाठी चार खोट्या ओळी लिही, असं मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे. खोडल्याखालचं तुला दिसेल, दिसू दे. जे असेल ते खरंच लिही. ते तिच्या तोंडावर वाचायचं काम माझं आहे.

अनंत